लॅमिनेशन केलेली गुणपत्रिका

झेरॉक्सच्या दुकानात गरम प्लास्टिकचा वास आला की मी अजून बाहेर येऊन उभी राहते. परदेशात कॉम्प्युटरच्या मास्टर्ससाठी मी अर्ज भरत होते, त्या वर्षीची गोष्ट. गुणपत्रिकेच्या पाठीवर विद्यापीठाचा शिक्का हवा होता आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, म्हणून आई आणि मी कंधारहून पहिल्या एसटीनं नांदेडला आलो. विद्यापीठाच्या खिडकीतल्या बाबूंनी गुणपत्रिका उलटून पाहिली. "बाई, प्लास्टिकवर शाई बसत न्हाई. कागद मोकळा करून आणा." घराचे पत्रे गळतात म्हणून आईनं माझे सगळे कागद कौतुकानं लॅमिनेशन करून आणले होते. "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" मी रांगेसमोर तिच्यावर ओरडले. पायरीवर बसून तिनं नखानं कोपरा उचकटला आणि प्लास्टिक हळूहळू ओढलं, तर कागदाचा वरचा पापुद्राच निघून आला. माझं नाव, गुण, सगळं प्लास्टिकला चिकटलेलं, आणि हातात उरला नुसता पांढरा, खरबरीत कागद. मी तिथंच पायरीवर बसले. शाळेत कधीच न गेलेली माझी आई उठली आणि तिनं ते प्लास्टिक दोन्ही हातांनी खिडकीत धरलं. "साहेब, अक्षरं समदी हितंच हायत की. ह्याच्यावर मारा ना शिक्का." रांगेतले लोक हसले. अर्ज गेला नाही, त्याचं आता काही वाटत नाही. पण ती तशी उभी असताना मी उठून चार पावलं लांब गेले होते, जणू ती माझी कुणीच नव्हती.