जेवणानंतरचा निरोप

साधना पाईकरावला तो उन्हाळा आठवतो तो बालाजीच्या आवाजासकट. दुसऱ्या लाटेचे दिवस होते. हिंगोलीत एका वसतिगृहाच्या इमारतीत उभारलेल्या कोविड दवाखान्यात ती समाजसेविका होती. आत पडलेल्यांची खबर बाहेरच्यांना द्यायची, हे तिचं काम. गोरेगावाकडच्या कितीतरी केसपेपरांवर एकच नंबर असायचा, जीपवाल्या बालाजीचा. कुणाकडे फोन नाही, कुणाकडे असून रेंज नाही. लोक त्याचाच नंबर देत. लॉकडाऊनमुळे जीप उभीच होती. तो मोटारसायकलवर दारोदार निरोप पोचवायचा.

चांगला निरोप लगेच जायचा. वाईट निरोपाला त्याची एक अट होती. "मॅडम, आधी जेवू द्या त्यायला. मंग सांगतो."

माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात. त्या साली कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. निरोप कळल्यावर घरंच्या घरं दोन-दोन दिवस उपाशी राहिलेली बालाजीनं पाहिली होती. साधनाला त्याचं म्हणणं पटलं.

निरोप देऊन झाला तरी ती फोन ठेवत नसे. आज कुणाच्या शेतातली हळद शिजली, विचारायची. कुणाची कच्ची राहिली, त्यावरून कोण कुणावर डाफरलं, बालाजी सगळं रंगवून सांगायचा. घामानं भिजलेलं किट उतरवून जिन्याच्या पायरीवर ती दहा मिनिटं मनानं त्या हळदीच्या वाफेत बसून यायची, मग यादीतल्या पुढच्या नावाकडे वळायची. आता त्या इमारतीत मुली परत राहायला आल्यात. तरी मार्चअखेर शिजत्या हळदीचा वास आला की तिला ते दिवस हवेसे वाटतात, आणि तसं वाटल्याची लाजही वाटते.

कारण एक दिवस ती अट अंगाशी आली. तातेराव नावाचे पेशंट सकाळी साडेनऊला गेले. बालाजी म्हणाला, जेवू द्या. साधना हो म्हणाली. स्मशानाची गाडी चारला निघायची होती. पण त्या दिवशी माणसं फार गेली. गाडी एक वाजताच भरली आणि तातेरावांना घेऊन निघाली. तातेरावांची बायको नर्मदाबाई दोनला पोचल्या. दवाखान्याच्या रिकाम्या अंगणात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आल्या पावली परत गेल्या. साधनानं ते खिडकीतून पाहिलं. खाली उतरणं तिला जमलं नाही.

यंदा तपासणी शिबिरासाठी ती पहिल्यांदाच गोरेगावला गेली. स्टँडवर "सेनगाव, सेनगाव" ओरडत जीप भरणारा माणूस पाठमोरा होता, तरी तिनं आवाजावरून ओळखला. बालाजीनं तिला न्याहाळलं.

"फोनवर तुमी उंच वाटत होता, मॅडम."

हसून झाल्यावर तिनं नर्मदाबाईंचं घर विचारलं. चार वर्षांनी आता काहून, एवढंच तो पुटपुटला. पण घेऊन गेला, आणि स्वतः रस्त्यावरच थांबला.

नर्मदाबाई तूर पाखडत होत्या. साधनानं आपण कोण ते सांगितलं आणि मग बाकीचं. फोन दहालाच केला होता. निरोप थांबवायला आपणच हो म्हटलं. तेव्हाच कळवलं असतं तर तातेरावांचा चेहरा शेवटचा दिसला असता.

नर्मदाबाईंचं सूप थांबलं नाही.

"त्यो बालाजी एरवी गाडीवरूनच सांगून जायचा. त्या दिशी ओट्यावर टेकला अन् भाकर खाल्ली का म्हणून पुसू लागला. मला तवाच कळलं, बाई. पर म्या तोंड उघडलं असतं तर नातवंडायच्या हातची भाकर खाली राहिली असती. म्हणून त्यायच्यासंगं मी बी बसून खाल्लं. बालाजीला वाटते त्यानं थांबवलं. तुमाला वाटते तुमी. थांबवलं मी."

चार वर्षं साधनानं जे ओझं फक्त आपलं म्हणून सांभाळलं, ते या घरातही कुणीतरी तसंच सांभाळत होतं.

"तुमी तर पाह्यलं असंल त्यायला," नर्मदाबाई म्हणाल्या. "दाढी केलती का?"

खोटं सांगणं सोपं होतं.

"नाही. वाढली होती. पांढरी."

"दाढी कवाच शोभली न्हाई त्यायला." नर्मदाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि साधनाला बसायला पोतं सरकवलं. "केस?"

साधना खाली बसली आणि आठवून आठवून सांगू लागली.