ओडेसा टॉलिव्हरची कोरी पाटी

अमेरिकेतल्या टोलीडो शहरात ओडेसा टॉलिव्हरला घर नाकारलं नाही असा घरमालक शोधून सापडला नसता. सगळे गोड बोलायचे, पोलिसांच्या नोंदी तपासायचे आणि दुसऱ्या दिवशी "जागा गेली हो" म्हणून कळवायचे. जागा मात्र पुढे महिनाभर रिकामीच दिसायची.

आता तर घर हवंच होतं. लेक शनीस हिला जुळी होणार होती, आणि तिच्याच आवारात, समोरच, तळमजल्यावरची जागा रिकामी होत होती.

ओडेसाचा गुन्हा म्हणाल, तर ऐकण्यासारखा आहे. चोविशीत ती मिस व्हर्डेल गेन्स यांच्या केशकर्तनालयात कामाला होती. व्हर्डेलबाईंनी गिऱ्हाइकांदेखत "तुझ्या हाताला वळण नाही" असं सुनावलं. झालं! त्याच संध्याकाळी ओडेसाने केस वाळवायचं टोपडंवालं यंत्र, खुर्चीसकट, चुलतभावाच्या ट्रकात घालून पळवलं. टोपडं ट्रकाबाहेर डोकावत होतं; दोन चौक जायच्या आत पकडली. यंत्र परत गेलं, शिक्षा भोगून झाली, नोंद तेवढी जन्माला चिकटली.

चर्चच्या तळघरात एका शनिवारी वकील फुकटात मदत करायला बसले होते, अशा नोंदी कोर्टाकडून मोहोरबंद करून घ्यायचे अर्ज भरून द्यायला. कागद कोर्टातच राहतो, पण घरमालकाला तो दिसत नाही. तिथल्या तरुण वकीलबाईंनी संगणकात पाहून विचारलं, "आणि सोळाव्या वर्षी कोणाची तरी गाडी न विचारता फिरवायला नेली होती, त्याची नोंद?"

"ती? ती तर अठरा पुरी झाल्यावर आपोआप पुसली गेली!"

"कोणी सांगितलं?"

"अहो, सगळ्यांनीच!"

मागच्या रांगेतली झाडून सगळी डोकी हलली. अख्खी वस्ती याच भरवशावर म्हातारी झाली होती. "आपोआप काही होत नाही, अर्ज करावा लागतो," असं वकीलबाईंनी सांगताच, नुसती गंमत बघायला आलेले दोघे-तिघे गुपचूप रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले.

दोन्ही अर्ज गेले. पण चोरीच्या अर्जाची खबर जिची वस्तू गेली तिलाही जाते, आणि ती हरकत घेऊ शकते. हे ऐकून ओडेसाचं धाबं दणाणलं. व्हर्डेलबाई ऐंशी ओलांडून ठणठणीत होत्या. चर्चमध्ये ओडेसाच्या पुढच्याच बाकावर बसत आणि दर रविवारी मागे वळून तिच्याकडे बघत नाक मुरडत.

"म्हातारी आली तर संपलंच," ती शनीसला म्हणाली.

म्हातारी आली. सुनावणीच्या दिवशी कोर्टात, जांभळी टोपी घालून, पहिल्या रांगेत. ओडेसाच्या बाजूने बोलायला वस्तीही लोटली होती. चर्चचा कारभार बघणारे डीकन प्रूइट तर कोणी न विचारताच उठले.

"न्यायाधीशसाहेब, बाई सोन्यासारखी! यंत्र पळवलं तेव्हासुद्धा वायर कशी नीट गुंडाळून नेली होती!"

"खाली बसवा रे यांना कोणीतरी," वकीलबाई पुटपुटल्या.

न्यायाधीशांनी व्हर्डेलबाईंना विचारलं, "तुमची हरकत आहे?"

"माझं यंत्र जुनंच होतं, ठिणग्या उडायच्या त्यातून. आणि पोरीला मी चारचौघांत नको ते बोलले, तेही खरं. माझी कसली हरकत?"

ओडेसा गर्रकन व्हर्डेलबाईंकडे वळली. मग हळूच म्हणाली, "मग मिस व्हर्डेल, दर रविवारी ते नाक...?"

"अगं, तू माझ्या कानाशी बेसूर गातेस! साहेब, त्याचं काही करता येईल का?"

"ते या कोर्टाच्या अधिकारात नाही," न्यायाधीश म्हणाले, आणि दोन्ही अर्ज मंजूर करून टाकले.

पुढच्या महिन्यात शनीसच्या आवारातली व्यवस्थापक बाई ओडेसाला विचारत होती, "कधी गुन्हा, शिक्षा वगैरे?" वकीलबाईंनी पढवून ठेवलं होतं, की आता नाही म्हणायचं, कायद्याने ते खरंच आहे. तरी ओडेसाने एकदा दाराकडे पाहून घेतलं.

"नाही."

बाईंनी संगणकाच्या पडद्यावर नजर फिरवली. "इथेही काही दिसत नाही. सामान कधी आणताय?"

"बास? एवढंच?"

"एवढंच. का, अजून काही हवंय?"

ओडेसाने नकाराची मान हलवली. बाहेर येऊन ती पायरीवरच बसली, पायातले घट्ट बूट काढून बाजूला ठेवले आणि समोरच्या खिडकीकडे तोंड करून ओरडली, "शनीस! जुळ्यांना सांग, आजी समोर राहायला येतेय!"