डॉक्टरचा सत्कार आणि माझा पासपोर्ट

मागच्या रविवारी आमच्या गावात सत्कार होता. चांदवडपासून थोडं आत आहे आमचं गाव... मी मस्कतहून सुट्टीवर आलेलो. सत्कार माझ्या चुलतभावाचा, प्रशांतचा. सरकारी कॉलेजातून डॉक्टर झाला, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होता, आता इंग्लंडला चाललाय.

फ्लेक्सवर त्याचा फोटो शाळेच्या दारापेक्षा मोठा. परदेशात त्याच्या आधी मी गेलो. तिकडे एसीचे डक्ट बसवतो... माझा साधा स्टेटस पण कुणी ठेवला नव्हता. मला खुर्च्या लावायला बोलावलं होतं. लावल्या.

एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. मी दहावी नापास, म्हणून माझ्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का आहे. आखातात कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी काढा... जसं काय माझ्यावाचून देश अडणार होता. माझ्यावर सरकारचा खर्च किती, तर शाळेतली खिचडी. आणि ज्याला लोकांच्या पैशावर डॉक्टर केलं, त्याला कुणी विचारत पण नाही. यानं खर्च फेडूनच जायला पाहिजे, असं मी शेजारच्या दोघांना सांगून पण टाकलं.

ते दगूबाबांनी ऐकलं असणार. आमच्या गल्लीतले म्हातारे, बीपीचे पेशंट. हार घालून झाले तसे ते उठले आणि सरळ म्हणाले, "डॉक्टर, आमच्या पैशावर शिकला ना तू? मग असाच कसा चालला?"

मला आतून लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू...

प्रशांत नारळ हातात धरून उभा. हळूच म्हणाला, "किती भरू सांगा बाबा. भरतो."

"पैशे घेऊन काय करू? माझं बीपी तू बघतो. थांब ना तू."

बायकांच्या बाजूनं पण तेच सुरू झालं. थांब रे बाळा... नको जाऊ. माझी आई पण म्हणाली. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. ते एक वाक्य मला कुणी म्हटलं असतं ना, तर प्रशांतची सगळी फी मी भरली असती.

निघायच्या दिवशी आई माझ्या बॅगेत मसाला भरत होती. विचारलंच शेवटी... त्याला थांब म्हणालीस, मला कधीच का नाही?

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तू थांबला असता, म्हणून."

गाडी आली, निघालो.

प्रशांतनं फेडावं, हे माझं मत आजही आहे. जळतो म्हणा हवं तर.

आई, ताई तुला हे वाचून दाखवेल. पुढच्या सुट्टीत एकदा म्हणून बघ. मी थांबणार नाही... पण तू म्हण.