भाव उतरण्याची वाट

गेम खेळायच्या कन्सोलचा भाव कंपनीने नंतर उतरवावा की नाही, यावर लोक इंटरनेटवर हमरीतुमरीवर येतात. मी ते सगळं वाचतो. माझी चाळिशी कधीच उलटली, कॅरमसुद्धा मला धड खेळता येत नाही, तरी वाचतो आणि वाचता वाचता डोकं फिरतं. एक जण लिहितो, पहिल्या दिवशी घेणाऱ्यांवर अन्याय होतो. दुसरा विचारतो, कंपनी म्हणजे काय अन्नछत्र आहे का? विशीतली पोरं असणार. परवडत नसेल तर थांबा, असं एकमेकांना अगदी सहज सांगतात. थांबण्यात कुणाचं काही जातं, हे त्यांच्या गावीही नसतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. निलंगा, लातूर, नांदेड हा त्यांचा रस्ता. रिटायर झाल्यावर ते आणि आई निलंग्यातच राहिले, मी नोकरीसाठी नांदेडला. सकाळी आंघोळ झाली की अण्णा मोठा रस्ता ओलांडून स्टँडवर जायचे. ड्युटीवरच्या पोरांबरोबर चहा प्यायचे, कुणाची गाडी काळा धूर ओकते, कुणी क्लच जाळला, हे न विचारता सांगायचे आणि जेवायला घरी परतायचे.

मग काचबिंदू निघाला. लातूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलंय ते येणार नाही, राहिलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. या आजारात बहुतेक वेळा कडेचं आधी जातं आणि समोरचं शाबूत राहतं, त्यामुळे माणसाला आपलं काही गेलंय हे कळतच नाही. अण्णांना तर कळूनही घ्यायचं नव्हतं. "समदं दिसतंय की मला," हे त्यांचं पालुपद. डॉक्टरांकडे एक तपासणी असते. मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, आत बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की बटन दाबायचं. अण्णा दिवा दिसो न दिसो, बटन दाबत सुटायचे. तिथली मुलगी वैतागून म्हणाली, "काका, अंदाजानं दाबू नका हो." बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "आंदाजाबिगर ड्रायव्हरकी होती का कुठं?" मी हसलो. हसायला नको होतं असं आता वाटतं, पण तेव्हा हसू आलं खरं.

अण्णांचं मोटरसायकल चालवणं मात्र बंद झालं. त्यानंतर अण्णा गप्प गप्प झाले. आई त्यांच्या उजव्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवायची, तो हमखास लवंडायचा आणि "हितं कुणी ठिवला?" म्हणून तिलाच बोलणी बसायची.

अशात ते एकदा आमच्याकडे नांदेडला आले. मी त्यांना मॉलमध्ये फिरायला नेलं. वरच्या मजल्यावर पोरांचे खेळ होते, त्यात एका नव्या कन्सोलला स्टेअरिंग आणि पायाशी पेडल जोडून ठेवलेले, समोर भला मोठा टीव्ही. टीव्हीवर बस. अण्णा थबकले. खूप आढेवेढे घेतले, आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं आणि बसले. बसल्यावर आधी सीट मागे घेतली. मग विचारलं, "आरसा कुठं हाय?"

मग ते जे निघाले! परदेशातला कुठला तरी रस्ता, सरळ, रिकामा. गिअर टाकताना त्यांचा खांदा तसाच किंचित खाली जायचा, जसा मी लहानपणी केबिनमध्ये बसून पाहिला होता. मागे चार-दोन पोरं येऊन उभी राहिली. वेळ संपला तसे अण्णा उतरले आणि हसले. डॉक्टरांकडे गेल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते. मला तर तिथेच रडायला आलं असतं.

"केवढ्याला मिळतं हे?" त्यांनी विचारलं. तिथल्या माणसाने आकडा सांगितला, वर स्टेअरिंगचे वेगळे.

"अण्णा, घेऊन टाकू," मी म्हणालो.

"खुळा का काय तू? आता बाजारात आलंय ते. नव्याचे नऊ दिवस. जरा दम धर, उतरंल."

यावर माझा इलाज नव्हता, कारण अण्णांचं आजवर कधी चुकलं नव्हतं. एका दिवाळीत मी त्यांच्यासाठी मोबाईल नेला, तर त्यांनी मला दुकानात परत पाठवलं आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच मोबाईल पुष्कळ स्वस्तात घेऊन माझ्यासमोर धरला. टीव्हीचं तेच, फ्रिजचं तेच. ते उधळपट्टीला भ्यायचे म्हणावं तर तसं नाही. त्यांचा हिशोब एसटीचा होता. मला त्यांनी तो एकदा नीट समजावून सांगितला. "हे बघ, निलंग्याला बसलेला माणूस लातूरपतोर पुरं भाडं देतो. मागनं औशाला चढलेल्याकडून कंडक्टर निलंग्याचं भाडं घेतो का? न्हाई घेत. त्यानं तेवढे टप्पे कमी बघितले. मशीनचं बी तसंच. चार-पाच वर्सांनी नवीन निघणार, हे मागं पडणार. आज घेतलेला चार वर्सं खेळंल, दोन वर्सांनी घेतलेला दोनच. त्याच्याकडून पुरं भाडं कसं घेतील?"

भाव उतरवावा की नाही यावर मी जे जे वाचलंय, त्यात यापेक्षा शहाणं काही मला सापडलेलं नाही. फक्त कंपन्या टप्प्याने भाडं घेत नाहीत, हे अण्णांना ठाऊक नव्हतं.

आम्ही थांबलो. फोनवर ख्यालीखुशाली झाली की अण्णांचा ठरलेला प्रश्न, "उतरला का?" मी म्हणायचो, अजून नाही. "उतरंल." एक वर्ष गेलं. मधल्या काळात ते दाराच्या चौकटीला धडकले, ओट्याची पायरी चुकले, आणि प्रत्येक वेळी चूक चौकटीची आणि पायरीची होती.

आणि मग भाव वाढला.

मला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. नांदेडला एका दुकानात जाऊन विचारलं. तो दुकानदार आमच्या रोजच्या ओळखीतला, तोंडात कायम सुपारी. म्हणाला, "साहेब, पहिले उतरायचा. दीड-दोन साल झाले की कंपनी स्वतःहून कमी करायची, आम्ही पण गिऱ्हाइकाला सांगायचो, सबर करा. आता उलटा जमाना आहे. डॉलर वाढला म्हणतात, आतला माल महाग झाला म्हणतात. खरं सांगू का? लोक घेऊन राहिले ना, मग कशाला उतरवतील?"

मी त्याच्यावर खेकसलो. त्याचा काय दोष होता! पण खेकसायला समोर तोच होता, कंपनी थोडीच होती.

अण्णांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "जुनं झाल्यावर म्हाग? जुना तांदूळ हाय का त्यो?" त्यांनी मला ती बातमी पुन्हा वाचायला लावली. "चढलाय तर उतरंल बी," शेवटी म्हणाले, पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

कंपनीने भाव उतरवायलाच हवा होता, असं माझं ठाम मत आहे. निलंग्याच्या एका म्हाताऱ्याची नजर विझत चाललीय हे कंपनीला कुठून कळणार, हेही मला समजतं. पण मागून येणारा माणूस गरजू नसतो, घाईत नसतो, त्याला फुकटात हवं असतं, असं जे धरून चालतात ना, त्यांची मला भयंकर चीड येते. कुणी कुणी मागून येतो तो आपल्या हिशोबाने, इमानाने थांबलेला असतो. त्याला थांबायला याच बाजाराने शिकवलेलं असतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून अण्णांच्या नजरेचा नकाशा दाखवला. दोन्ही बाजूंनी काळं आत सरकलं होतं. मधे एक उजळ तुकडा राहिला होता, साधारण बांगडीएवढा. मी लातूरहून त्यांना निलंग्याच्या गाडीत बसवलं, नांदेडला आलो आणि त्याच सुपारीवाल्याकडून ते मशीन घेतलं, वाढलेल्या भावात, हप्त्याने. वर स्टेअरिंग आणि पेडल. रविवारी खोकी मांडीवर घेऊन निलंग्याला गेलो.

"उतरला अण्णा," मी म्हणालो. "निम्म्यावर आला."

त्यांचा चेहरा बघायला हवा होता! "म्हणलो हुतो का न्हाई? म्हणलो हुतो का न्हाई मी?" त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं, फोन करून भाच्याला सांगितलं. आईने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली. तिला सगळं कळलं होतं.

मी लोखंडी टेबलाला स्टेअरिंग आवळून बसवलं. अण्णांनी पेडल पायाने चाचपले, खुर्ची हवी तशी सरकवून घेतली आणि गाडी काढली. बाहेर दुपारची शांतता होती. सुरुवातीचा रस्ता सरळ होता, त्यांच्या त्या उजळ तुकड्यात नेमका मावणारा. वळणाआधी न चुकता इंडिकेटर. मागून हॉर्न वाजला तर "जा बाबा, जा," म्हणून हाताने खूण. आई दारात उभी राहून बघत होती. "घाई करू नगा," ती म्हणाली, आणि अण्णा म्हणाले, "मला नको शिकवू." मी खूश होतो. झालेला खर्च, सांगितलेलं खोटं, सगळं वसूल झालं असं मला वाटत होतं.

मग गाव लागलं. चौक आला. डावीकडून एक लाल मोटार येत होती. टीव्हीच्या कोपऱ्यात मला ती चांगली दिसत होती, आईलाही दिसत असणार. अण्णा ब्रेक दाबतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी वेगसुद्धा कमी केला नाही.

मोठा आवाज झाला. स्टेअरिंगला हिसका बसला. टीव्हीवर काचेला तडे गेले.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. एक गाडी आडवी आली."

"कुठून?"

"डावीकडून."

"डावीकडं कायबी नव्हतं."

अण्णा मान वळवून वळवून टीव्हीचा डावा कोपरा शोधत होते. सापडला तेव्हा तिथे ती लाल मोटार चेपून उभी होती.

"किती जण हुते त्यात?"

"अण्णा, खेळ आहे तो. त्यात कुणी नसतं."

"उतरून बघ. कुणाला लागलं का बघ आधी."

"अहो, टीव्ही हाय ती," आई दारातून म्हणाली.

"टीव्ही हाय, कळतंय मला," अण्णा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवरच होते. "पन मला ती गाडी दिसली न्हाई."

मी मशीन बंद केलं. आईने चहा आणला, तो त्यांनी घेतला. भाव किती, वाचले किती, कुठलाच विषय पुन्हा निघाला नाही. रात्री नेहमीसारखं जेवण झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून अण्णा चप्पल घालून दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. मी म्हणालो, चला, मी येतो स्टँडपर्यंत. ते म्हणाले, नको. मग चप्पल काढून आत येऊन बसले. तेव्हापासून ते स्टँडवर गेलेले नाहीत.