फाँदाँ, राक्लेट आणि हातावरचं दही

रिक्षा दारात घुरघुरत होती आणि आईने माझ्या तळहातावर दही घातलं. "परक्या घरी विचारून खावं," ती म्हणाली. "आपल्या घरी विचारू नये. वाढलेलं खावं." मला घाई होती. हो हो म्हणत दही चाटलं, हात नव्या पँटला पुसला.

तासगाव सुटलं ते असं. परदेशात, ग्वेल्फला आलो आणि गंमत बघा, विचारून खाणं हाच पोटाचा धंदा झाला. इथल्या एका चीजच्या लॅबमध्ये मी कामाला आहे. कशात काय पडलंय ते झोपेतही सांगेन.

शेजारीण उर्सुला स्वित्झर्लंडच्या वॅले भागातली. सुट्टीला गेली की तिकडची पांढरी वाइन आणते, फाँदाँ. फिकट, हलकी, जिभेला जराशी चुणचुणणारी, शेवटी किंचित कडसर. सोबत राक्लेट हवंच. गावाकडचं चीज तापवायचं, वितळलेला थर सालासकट उकडलेल्या बटाट्यावर ओढायचा, बाजूला व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या आणि कांदे. मी पहिल्यांदा त्यावर रेड वाइन मागितली, तेव्हा श्रीखंडाबरोबर सुकट मागणाऱ्याकडे बघावं तसं तिने बघितलं. आता मीच नव्याने आलेल्या पुणेकरांना बेसमेंटमध्ये लेक्चर देतो: तळ्यातल्या माशाबरोबर फाँदाँ घ्या, वितळलेल्या चीजच्या फाँड्यूबरोबर घ्या, आपल्या अळूवडीबरोबर तर घ्याच.

मग आई आली. उर्सुलाने जेवायला बोलावलं आणि माझी झोप उडाली, कारण आईच्या लेखी मी पीत नाही. राक्लेटवर गार पाणी घ्यायचं नाही, पोटात गोळा होतो, अशी तिकडची समजूत. एकतर फाँदाँ, नाहीतर गरम चहा. मी उर्सुलाला पटवलं: आईला चहा दे, मलाही तसलाच मग दे, फक्त माझ्या मगात वाइन ओत.

बेत झकास जमला. बर्फासारख्या वाइनवर मी फुंकर मारत बसलो.

"किती फुंकशील?" आई म्हणाली. "निवला असेल की आता."

आणि स्वतः बटाट्यामागून बटाटे हाणत होती. जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई, पण एकदाही विचारलं नाही. मी निघताना म्हटलं, "विचारलं नाहीस, यात काय आहे ते?" ती हसली. "तू शेजारी बसलेला असताना कुणाला विचारू?"

सोमवारी लॅबमध्ये दूध घट्ट व्हायला रेनेट ओतताना माझा हात तसाच थांबला. उर्सुलाच्या गावचं चीज जुन्या पद्धतीचं. त्याला लागणारं रेनेट वासराच्या पोटातून काढतात. हे मला माहीत होतं. रोज माहीत असतं. मी मगातली वाइन लपवण्यात गुंतलो होतो.

गप्प बसणार होतो, खोटं कशाला बोलू. पण परत निघायच्या आदल्या दिवशी आई चीजचा तुकडा प्लास्टिकमध्ये गुंडाळताना दिसली. उर्सुलाने दिलेला. "कमलमावशीला नेते. एवढी सोवळ्याची, पण हे तिलाही चालेल."

मग सांगितलं. वासराचं आधी, वाइनचं नंतर.

वाइनचं तिने कानाआड केलं. चीज काउंटरवर ठेवलं आणि सिंकपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

सकाळी एअरपोर्टला निघताना मी फ्रिजमधून दही काढलं. म्हटलं, या वेळी आपण घालू. चमचा पुढे केला. आईने हात पुढे केला नाही.

"डबा आण," ती म्हणाली. "काय काय आहे, वाच."

मी वाचलं. दूध. विरजण.

"बस?"

"बस."

तेव्हा तिने तळहात उघडला. दही चाटून म्हणाली, "चांगलंय," अगदी उर्सुलाला म्हणाली होती तसं, पाहुण्यासारखं.

तुम्ही सगळे तिकडून फोनवर विचारता, घर कुठलं वाटतं आता, इथलं की तिथलं? ज्या घरी न विचारता खाता येतं, ते आपलं. माझं अजून तासगावात आहे. ग्वेल्फला आईचंही एक होतं, मी राहतो ते. परवा जाताना ती तिथे विचारून खाऊन गेली.