दुसरा फोन

"बाई, तुमी आमदार हायेत, पर खोटं बोलता," कोंडाबाई माझ्या ओसरीवर भर गर्दीत म्हणाली.

कार्यकर्ते उठले. मी त्यांना खाली बसवलं. म्हातारी तिसऱ्यांदा आली होती. चौसाळ्याच्या पलीकडं डोंगरात तिची मेंढपाळांची वस्ती. वस्तीची डीपी जळाली होती. डीपी म्हणजे मोठ्या तारेतली वीज घराला, मोटारीला सोसेल इतकी करून देणारं यंत्र. ते जळालं की विहिरीवरची मोटार बंद. ऐन उन्हाळा. बाया ढाब्यावरून हंडा हंडा पाणी आणत होत्या, पण त्यात मेंढरांचं भागत नव्हतं. येत्या बाजारी कळप विकायचा, असं वस्तीनं ठरवलं होतं.

"तुझ्यादेखत वीज ऑफिसच्या साहेबाला फोन केला की," मी म्हणाले.

"केला ना. दोन बारी केला. साह्येब 'हो ताई, हो ताई' म्हणलं. मग डीपी कावून आली न्हाई? मेंढरं काय तुमचा फोन पेत्यात?"

लोक हसले. मी हसले नाही. तिला थांबायला सांगितलं आणि आत जाऊन गोरखला विचारलं. गोरख माझा पीए. त्याआधी कित्येक वर्षं माझ्या मालकांचा.

"ताई, तुम्ही दुसरा फोन केला नाही," तो म्हणाला.

"कसला दुसरा?"

"समोर केलेला फोन समोरच्या माणसासाठी असतो. साहेब हो म्हणतात, माणूस खूश होऊन जातो. काम खरंच करायचं असेल तर तो गेल्यावर दुसरा फोन करायचा. नाही आला, तर साहेब हात लावत नाहीत. हे समद्यांना ठाऊक असतं."

"मला कुणी सांगितलं?"

"मला वाटलं, दादांनी सांगितलं असेल."

दादा म्हणजे माझे मालक. आमदार असतानाच ते वारले आणि पक्षानं मला उभं केलं. माझी शाळा चौथीपर्यंत. सगळ्या संसारात ते माझ्याशी जेवणाखाण्यापलीकडं बोलले नव्हते. फोनाचं कुठून सांगतील?

"ते दुसरा फोन कुणासाठी करायचे?"

"कार्यकर्ता ज्याच्यासाठी शब्द टाकील त्याच्यासाठी."

कोंडाबाईच्या वस्तीवर कार्यकर्ता नव्हता.

"लावू का दुसरा?" गोरखनं मोबाईल काढला.

"नको. गाडी काढ. कोंडाबाईलाही बसव."

वीज ऑफिसात साहेब उठून उभे राहिले. "ताई, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा."

"केला होता. दोनदा. या बाईच्या देखत. आता तिच्याच देखत सांगा, डीपी आहे का?"

साहेबांनी गोरखकडं पाहिलं. गोरख खिडकीकडं पाहत होता.

"आहे. उद्या पाठवतो."

"आहे तर आज पाठवा."

"म्या डीपीसंगच टेम्पोत बसून जाते," कोंडाबाई म्हणाली. "वाटंत कुणाला दुसराच फोन आला तर?"

तिनं तसंच केलं. निघताना मी साहेबांना सांगितलं, "यापुढं माझा फोन एकदाच येईल. तोच खरा समजायचा."

मोटार सुरू झाली. कळप बाजारात गेला नाही.

पण दुसरा फोन बंद झाला आणि कार्यकर्ते बिथरले. त्यांची गावातली किंमत त्या फोनावर होती. एकानं तोंडावर विचारलं, "ताई, लोकांची कामं परस्पर व्हायला लागली तर आम्हाला कोण इचारील?" मी म्हणाले, "मलाच विचारू दे." ते एकेक करून यायचे थांबले. पुढच्या निवडणुकीला तिकीट दुसऱ्याला गेलं. गोरखही तिकडंच गेला. त्यालाही घर होतं.

आता ओसरीवर सतरंजी टाकत नाही. पोरं पुण्याला. सकाळी चहा एकटीचा होतो. फोन वाजला तर बहुतेक राँग नंबर असतो.

कोंडाबाई परत कधी आली नाही. मांजरसुंब्याला एकदा दिसली, मेंढरं रस्ता ओलांडत होती म्हणून आमची गाडी थांबली तेव्हा. मी काच खाली करून हाक मारली. तिनं काठी वर करून ड्रायव्हरलाच थांबायची खूण केली आणि कळप घेऊन निघून गेली. राग आला नाही. ज्याचं काम झालं, तो परत दारात येत नाही. नव्या आमदारांना एवढंच सांगते, ओसरीवर रोज तीच तोंडं दिसायला लागली, तर त्याला लोकप्रियता समजू नका.