मिलिंदची न बदललेली टीम

रविवारची सकाळ होती, पावणेआठ वाजले असतील. सिंगापूरमधल्या बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, कोपीच्या, इथल्या कॉफीच्या, रांगेत उभा राहून मी नेहमीप्रमाणे फोनवर अमेरिकेतल्या बेसबॉलचे स्कोअर बघत होतो. आपली रविवार सकाळ म्हणजे तिथली शनिवार संध्याकाळ. माझा मित्र मिलिंद याच्या फँटसी टीममधल्या पिचरने दुसऱ्याच इनिंगमध्ये पाच रन दिले होते. त्याला दोन शब्द लिहावेत म्हणून मेसेज उघडला, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, सुजातावहिनींचा फोन आला. "भाऊजी, मिलिंद गेला. आत्ताच." रांगेतला मागचा माणूस मला पुढे सरकायला सांगत होता... या गोष्टीला सहा आठवडे झाले.

पंधरा वर्षांपूर्वी क्लेमेंटीच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही शेजारशेजारच्या खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मी पुण्याचा, नोकरीसाठी आलेला. तो अकोल्याचा, विद्यापीठात संशोधन करणारा. अमेरिकेत दोन वर्षं शिकून आला होता आणि तिथून बेसबॉलचं वेड घेऊन आला होता. "पिचर म्हणजे आपला गोलंदाजच," तो मला समजवायचा, "पण त्याला सहा चेंडूंनंतर सुटका नसते. तीन जण बाद होऊन इनिंग संपेपर्यंत मार खात उभं राहायचं, नाहीतर कोणीतरी येऊन हातातला चेंडू काढून घेईपर्यंत." पुढे आम्ही आठ मित्रांनी फँटसी लीग सुरू केली. खरे खेळाडू निवडून प्रत्येकाने कागदावरची टीम करायची, ते तिकडे जसे खेळतील तसे इकडे आपले गुण. दर आठवड्याला दोघादोघांची लढत. यात बॅटर एखाद्या दिवशी चुकला तर चालून जातं, पण पिचरने एकदा मार खाल्ला की आख्ख्या आठवड्याची सरासरी बुडते. मिलिंदकडे एक उतारवयाचा डावखुरा पिचर होता. आम्ही त्याला 'काका' म्हणायचो. काका दर दोन सामन्यांत एकदा हमखास बुडवायचा. सगळे म्हणायचे, काढ त्याला. मिलिंद म्हणायचा, "सावरतो रे तो. थोडा वेळ द्या."

यंदा सीझन सुरू झाला आणि मिलिंदने तीन आठवडे टीमला हातच लावला नाही. जखमी खेळाडू तसेच आत, काका धडाधड रन देतोय, आणि ज्याची गाठ मिलिंदशी पडेल त्याला आयता विजय. बाकीचे कुरकुरायला लागले. लीग मी चालवतो, म्हणून ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, "मिलिंद, खेळायचं नसेल तर टीम सोड. इतरांचा विचका करू नकोस." दहा मिनिटांनी उत्तर आलं, "सॉरी. उद्या बदलतो." दुसऱ्या दिवशी टीम बदललेली होती.

आठवड्याने कळलं, त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे.

हॉस्पिटलमध्ये गेलो. त्याच्या मनगटावरचं घड्याळ सैल झालं होतं. चाचरत म्हणालो, "त्या मेसेजचं... फार लागेल असं लिहिलं मी." तो माझ्याकडे बघत राहिला. "कसला मेसेज?" मग हसून म्हणाला, "माझ्या काकाला काढायला सांगू नका म्हणजे झालं." त्याचा मोठेपणा, असं मी धरून चाललो. तो मोठेपणा दोन-अडीच महिने मला टोचत राहिला.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पुंगोलच्या घरी गेलो. टीम बंद करू का, हे विचारायचं होतं. वहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"त्या दिवशी त्याला स्कॅनसाठी आत नेलं होतं," त्या म्हणाल्या. "फोन माझ्याकडे होता. तुमचा मेसेज मी वाचला आणि त्याच्या फोनवरून पुसून टाकला. त्याने तो कधी पाहिलाच नाही."

"मग ते सॉरी..."

"मी लिहिलं, आणि तेही लगेच पुसलं. पण बदलायचं कसं, ते कुठे येत होतं मला? दुसऱ्या दिवशी त्यालाच म्हटलं, तुझी टीम कशी लावतात ते शिकव ना. केवढा खूश झाला! त्याला वाटलं, लग्नाला बारा वर्षं झाल्यावर एकदाची गोडी लागली हिला." त्या थोडं हसल्या. "मग रोज सकाळी तो डोळे मिटून सांगायचा आणि मी बटणं दाबायचे. तेवढा अर्धा तास तो आजाराचं काही बोलायचा नाही."

"चुकलं माझं, वहिनी."

"हो," त्या म्हणाल्या. "राग आला होता मला तुमचा. अजून आहे थोडा." मग उठून त्यांनी माझा पेला भरला. "टीम बंद करू नका. सीझन संपेपर्यंत मी बघते."

तेव्हापासून रोज सकाळी, वहिनी ऑफिसला निघण्याआधी, मिलिंदची टीम लागलेली असते. एक दिवस चुकलेला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची लढत माझ्याशी होती. शनिवारी सकाळी काका पिच करायला उतरला आणि पहिल्याच इनिंगमध्ये सात रन देऊन बसला. माझा फोन वाजला.

"बघताय ना?" वहिनींनी विचारलं.

"बघतोय."

"काही बोलू नका. नुसते फोनवर राहा."

मी लॅपटॉपवरच्या सामन्याचा आवाज बंद केला आणि फोन कानाशी धरून बसलो. काका मार खात होता, माझी आघाडी वाढत होती. पलीकडे वहिनी रडत होत्या. दुसरी इनिंग सुरू झाली, तिसरी झाली... आमच्यापैकी कोणीच फोन ठेवला नाही.